पाचव्या माणसाचा तांदूळ

"तांदूळ किती माणसांचा घालता?" मी विचारलं.

आनंदीबाय ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "पाच," म्हणाली.

मी कागदावर पाच लिहिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. ही माझी खास युक्ती होती. मी मूळचा खेडचा, महसूल खात्यातला माणूस. एकसष्टच्या खानेसुमारीत मला एक गोष्ट कळली होती. घरात माणसं किती, असं विचारलं की लोक काहीही सांगतात. मुंबईचा भाऊ सांगतात, नांदायला गेलेली मुलगी सांगतात, कधी मेलेला म्हाताराही सांगतात. पण चुलीपुढच्या बाईला तांदळाचं विचारा, ती खरं बोलते. रोजचं माप तिच्या हातात बसलेलं असतं, त्यात थाप मारायचं तिला सुचतच नाही. या युक्तीवर मला साहेबांची शाबासकी मिळाली होती, आणि ती मी येईल-जाईल त्याला सांगत असे.

चौसष्ट साली मला प्रतिनियुक्तीवर गोव्यात पाठवलं. पेडणे तालुक्यातल्या मांडशी गावात तलाठी म्हणून. गाव तेरेखोलच्या खाडीच्या काठावर, समोर महाराष्ट्र. लोक मला शिगवणबाब म्हणायचे. उतरायला धड जागा नव्हती, म्हणून आनंदीबाय गांवस हिच्या घरची बाहेरची खोली मिळाली, आणि दोन्ही वेळचं जेवणही तिच्याकडंच. नवरा वारलेला. घरात ती, तिची म्हातारी नणंद गोकुळा, सून शालन आणि सात वर्षांची नात. मुलगा सगुण मुंबईला गिरगावात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. चतुर्थीला आणि शिगम्याला यायचा, एरवी त्याची पत्रंच.

सहासष्टच्या डिसेंबरात मतदारयादी दुरुस्त करायचा हुकूम निघाला. जानेवारीत कौल होणार होता. गोवा महाराष्ट्रात मिळवायचा की वेगळाच ठेवायचा, एवढंच ठरवायचं. मिळवायचा असेल तर फुलावर शिक्का, वेगळा ठेवायचा असेल तर दोन पानांवर. गावात दुसरं बोलणंच उरलं नव्हतं. सख्खे भाऊ एकमेकांच्या पंगतीला बसेनासे झाले होते. मला विचाराल तर मला त्यात प्रश्नच दिसत नव्हता. खाडीच्या या काठावर मराठी शाळा, त्या काठावर मराठी शाळा. एक करून टाका म्हणजे झालं.

तर पाच. मी हिशेब मांडला. आनंदीबाय, गोकुळा, शालन, नात, ही चार. पाचवा सगुण. तो मुंबईला असतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझा नियम होता की हंडी सांगेल ते खरं. हंडीत त्याचा तांदूळ पडतो ना? मग तो घरचा. आई आहे, पोराचा वाटा रोज ठेवत असेल, असं म्हणून माझं मन थोडं भरूनही आलं. आता खरं सांगतो, त्या घरचा भात मी खात होतो, त्यांच्या मुलाचं नाव यादीत राहिलं तर मला बरंच वाटणार होतं. हंडीनं सोय करून दिली, मी कशाला नाही म्हणू?

मी लिहिलं: घर क्रमांक चौतीस, अनुक्रमांक दोनशे बारा, सगुण राघोबा गांवस, वय एकोणतीस.

शालननं त्याच दिवशी पत्र लिहायला घेतलं. "नंबर सांगा ना," म्हणाली. "त्यांना कळवते. ते येणार आहेत मतासाठी. रजा मागून ठेवलीय त्यांनी."

"दोनशे बारा," मी ऐटीत सांगितलं.

आनंदीबाय सूप झटकत म्हणाली, "दोनशे बारा नंबर लक्षात ठेवूक तो काय शाळेत आसा? आला म्हणजे मीच हाताक धरून न्हेतंय." ती माहेरची आरोंद्याची, खाडीपलीकडची. इतकी वर्षं गोव्यात काढून तिची बोली तिकडचीच राहिली होती. आमच्या ओसरीवरून आरोंद्याची माडांची रांग दिसायची, आणि होडी हाकारली तर अर्ध्या तासात पलीकडं.

ते पलीकडं काही वर्षं तिला बंद झालं होतं. पोर्तुगीज असताना, सरहद्दीची नाकेबंदी झाली तेव्हा. तिची आई त्याच दिवसांत गेली. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, भाकरी थापता थापता. "सकाळी कोळ्यांनी हाक मारून सांगल्यानी, तुजी आवस गेली. मी काठार जाऊन उभी ऱ्हवलंय. थंयसून धूर बघलंय. जाऊक मेळाला नाय." एवढंच बोलली, आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

आठ दिवसांनी गावातल्या दुकानदारानं हरकत घेतली. सगुण गांवस इथं राहत नाही, मुंबईला राहतो, त्याचं नाव काढा. दुकानदार फुलाचा कट्टर, आणि सगुण दोन पानांचा हे साऱ्या गावाला माहीत. शिगम्याला आला होता तेव्हा देवळापुढं दोघांची चांगलीच जुंपली होती.

चौकशीला मामलेदार केंकरे स्वतः आले. जीप दारात लागली. साहेब ओसरीवर खुर्चीत बसले, मी कागद घेऊन शेजारी उभा. दुकानदार अंगणात. बायका दाराआड, फक्त आनंदीबाय पुढं.

"हा सगुण इथं राहतो का?" साहेबांनी विचारलं.

"तेचाच घर ह्या. तो खंय ऱ्हवतलो?"

"ते कळलं हो. पण रोज झोपतो कुठं?"

आनंदीबायनं माझ्याकडं पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. "शिगवण, नाव तुम्ही घातलंत. कशावरून?"

मला वाटलं, आता आपली युक्ती दाखवायची वेळ आली. "साहेब, मी नुसत्या तोंडी उत्तरावर जात नाही. मी तांदळाचं विचारतो. या घरात पाच माणसांचा तांदूळ शिजतो. चार माणसं आत आहेत. पाचवा सगुण."

साहेबांना कौतुक वाटलेलं दिसलं. ते बाईंकडं वळले. "खरं का? पाचांचा तांदूळ घालता?"

"होय. पाच करवंट्यो. माणशी एक. रोज."

"आणि पाचवी करवंटी कुणाची?"

तिनं तोंड उघडलं. ती काय सांगणार होती ते मला आज पक्कं ठाऊक आहे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. सकाळी मी भात खाल्ला होता. काल रात्री खाल्ला होता. अडीच वर्षं खात होतो. सगळ्या घराची माणसं मोजली आणि त्यांच्या ताटाला ताट लावून बसणारा मी मोजला नाही! मी भाड्यानं राहणारा, मी सरकारी, मी मोजणारा. मला वाटायचं, मोजणाऱ्याला कोण मोजतं?

"साहेब," मी म्हणालो, "पाचवी माझी."

दुकानदार फिसकन हसला. आनंदीबायनं तोंड मिटलं.

साहेब रागावतील असं वाटलं, पण ते माणूस नियमाचे. "तुम्ही इथं राहता?"

"हो, या खोलीत."

"जेवता इथंच?"

"हो."

"कधीपासून?"

"अडीच वर्षं झाली, साहेब."

"मग तुमचं नाव कुठल्या यादीत आहे?"

"खेडला असेल. गावी."

"खेडला! अडीच वर्षं इथं आणि नाव खेडला? दुसऱ्यांना नियम शिकवता आणि स्वतः? सर्वसाधारण वास्तव्य जिथं, नाव तिथं. याचं वास्तव्य मुंबईत, हे नाव खोडा. तुमचं वास्तव्य इथं, तुमचं घाला."

"कुठं घालू, साहेब?"

"आता कुठं म्हणजे? खोडलंत तिथंच वर लिहा. घर तेच आहे ना? पुढचे सगळे नंबर कशाला बदलत बसायचे?"

मी लाल शाईनं सगुण राघोबा गांवस या नावावर रेघ ओढली. त्याच ओळीवर बारीक अक्षरात लिहिलं, पांडुरंग रामा शिगवण, वय तीस. दोनशे बारा.

जीप गेल्यावर आनंदीबाय म्हणाली, "तुमी कित्याक बोललास? मी सांगतंय होतंय मां."

"खोटं सांगणार होतात."

"माज्या घरातलो तांदूळ. माजी करवंटी. ती कोणाची ता माका ठावक नाय?" ती एवढंच बोलली आणि आत गेली. जेवायला वाढलं नेहमीसारखंच. मीही नेहमीसारखा जेवलो, पण मान खाली घालून. शालननं त्या दिवशी पत्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नवऱ्याला येऊ नको असं कळवायला तिचा हात धजला नसावा.

त्यामुळं तो आला.

कौलाच्या दिवशी सकाळी मला मतदान केंद्राबाहेर बसवलं होतं. शाळेपुढच्या फणसाखाली टेबल, टेबलावर यादी. लोक येऊन नाव सांगायचे, मी नंबर शोधून चिठ्ठी द्यायचो. पुरुषांची रांग एकीकडं, बायकांची दुसरीकडं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात अबोलीचे वळेसर घालून आल्या होत्या. जत्राच होती म्हणा ना.

नऊच्या सुमारास सगुण आला. रात्रभर एसटीनं सावंतवाडीपर्यंत, तिथून आरोंद्याला, आणि होडीनं खाडी ओलांडून थेट शाळेकडं. घरीसुद्धा गेला नव्हता. हातात पत्र्याची पेटी. किडकिडीत माणूस, बोटांची टोकं शाईनं कायमची काळी.

"नमस्कार शिगवणबाब," तो हसून म्हणाला. "दोनशे बारा."

मी चिठ्ठी लिहिली नाही. "सगुणबाब, तुम्हाला पत्र मिळालं नाही का?"

"कसलं पत्र?"

"नाव खोडलं गेलंय तुमचं. हरकत आली. चौकशी झाली."

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. त्यानं पेटी खाली ठेवली, टेबलावर वाकला आणि यादी स्वतःकडं फिरवायची तसदीही घेतली नाही. छापखान्यातला माणूस, उलटी अक्षरं वाचायची त्याला सवयच. बोट फिरवत दोनशे बारावर आला आणि वाचलं, "पांडुरंग रामा शिगवण."

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरळ करू लागलो.

"माझ्या नंबरावर तुम्ही," तो म्हणाला.

"घर तेच, म्हणून साहेब म्हणाले..."

"या घरात माझी नाळ पुरलीय. तुम्हाला इथं येऊन वर्षं किती झाली?"

"अडीच."

"आणि अजून किती राहणार?"

"बदली होईल तेव्हा जाणार."

"म्हणजे जो जाणार त्यानं ठरवायचं, आणि ज्याला मरायला इथंच यायचंय त्यानं बघत बसायचं? वा रे कायदा!"

"मी कायदा केला नाही, सगुणबाब."

"कायदा तुम्ही नाही केलात. नाव तुम्ही खोडलंत. ही लाल शाई तुमची."

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मी उठून त्याला फणसाच्या पलीकडं नेलं. मलाही आता चेव आला होता. म्हटलं, "हे बघा, जो गावात राहतो, त्याला गावाचं काय ते भोगावं लागतं. रस्ता नाही झाला तर इथल्यांना चिखल. दवाखाना नाही झाला तर इथल्यांचे हाल. तुम्ही मुंबईत दिवे-पाणी वापरणार आणि इथलं ठरवायला येणार? मग मतदान इथं कशाला, गिरगावातच घ्या की!"

"मागितलं होतं आम्ही. मुंबईत सभा घेऊन मागितलं होतं, आम्हालाही विचारा म्हणून. मी मुंबईला हौसेनं गेलोय का? इथं छापखाना काढा, उद्या परत येतो. खेडचं काय करायचं ते ठरवायला मला बोलावलं तर चालेल तुम्हाला?"

"नाही चालणार."

"का?"

"तुम्ही खेडचे नाही."

"अडीच वर्षं राहिलो तर?"

मी विषय बदलला. "तुम्ही मराठीवर पोट भरता, सगुणबाब. मग मराठी राज्याचं एवढं वावडं का?"

"वावडं नाही. फुलाची पत्रकंही मीच जुळवली आणि पानांचीही. मराठी माझी आहे, ती मला कोणी द्यायला नको. पण मुंबईत मला गोंयकार म्हणतात. त्या एका शब्दावर मला तिथं खोली मिळाली, माणसं मिळाली. उद्या गोवा नुसता एक जिल्हा झाला, की मी कुठला? भाऊ वेगळा राहिला म्हणून काय परका होतो?"

त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. डोळेही पुसले. एक दिवसाची बिनपगारी रजा मिळाली होती त्याला, आणि ती संपत होती. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमचं मत झालं?"

"अजून नाही. दुपारी मला सुटी देणार आहेत."

"मग ते माझं टाका."

"काय?"

"दोनशे बारा नंबर माझा होता. त्यावर जे मत पडेल ते माझं पडू दे. दोन पानांवर मारा. तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही खेडला जाणार. मला जन्म काढायचाय या निकालावर." त्यानं माझा हात धरला. "मी भीक मागत नाहीय, शिगवणबाब. माझंच मागतोय."

बायकांची रांग फणसाला वळसा घालून गेली होती. आनंदीबाय दाराच्या दिशेनं चौथी की पाचवी होती, आमच्यापासून तीन पावलांवर. तिनं मुलाला पाहिलं होतं, पण रांग सोडली नव्हती. ती आमच्याकडंच पाहत होती.

"बरं," मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द दिला."

तो माझे हात दाबून घराकडं गेला. मी टेबलाशी येऊन बसलो. थोड्या वेळानं आनंदीबाय आत गेली, बाहेर आली, बोटाची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून चालत गेली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

दुपारी माझी पाळी आली. आत गेलो. माझा नंबर पुकारला, कागद मिळाला. पडद्याआड उभा राहिलो, शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर आलो. सगळं मिळून दोन मिनिटं.

सगुण होडीच्या धक्क्यावर माझी वाट पाहत थांबला होता. परतीची एसटी गाठायची होती. शालन आणि मुलगी त्याला पोचवायला आल्या होत्या. त्यानं लांबूनच भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. त्याचा चेहरा एवढा उजळला की शालनही हसली. होडी पलीकडं जाईपर्यंत तो उभ्यानं हात हलवत होता.

निकाल आम्ही दुकानदाराच्या रेडिओवर ऐकला. आमच्या तालुक्यात फूल जोरात होतं. पण सगळा गोवा मिळून दोन पानं जिंकली. दुकानदारानं दुकानाची फळी लावून घेतली. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

महिन्याभरानं मुंबईहून माझ्या नावानं एक पुडकं आलं. आत शंभर भेटकार्डं. जाड पांढरा कागद, काळी झळझळीत अक्षरं: पां. रा. शिगवण, तलाठी, मांडशी, गोवा. सोबत चिठ्ठी होती. "शिगवणबाब, कामाच्या वेळेनंतर स्वतः जुळवून छापली आहेत. आपल्या हातून माझं मत पडलं. हे उपकार जन्मात विसरणार नाही. आपला, सगुण." मी ती कार्डं ट्रंकेच्या तळाशी घातली. एकही कधी कुणाला दिलं नाही. शंभरच्या शंभर अजून आहेत.

कारण शिक्का मी फुलावर मारला होता.

का मारला? शब्द देताना मी फसवायचं म्हणून दिला नव्हता, हे देवाशपथ सांगतो. आत गेलो तोवर पानांवरच मारणार होतो. पण पडद्याआड उभं राहिल्यावर वाटलं, हे माझं मत आहे, माझ्या नावावर आहे, मी दुसऱ्याचा हात कशाला होऊ? तीस वर्षांचा होतो. मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. बाप सांगेल ते, साहेब सांगेल ते. पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढं कागद ठेवला होता. मी मारला. बाहेर येऊन मान डोलावली ती मात्र निव्वळ भित्रेपणानं. त्याला सांगायला हवं होतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

पुढं तीन वर्षं मी त्याच घरी जेवलो. सगुण चतुर्थीला आला की पहिला मोदक मला द्यायचा.

सत्तर साली बदलीचा हुकूम आला, दापोलीला. मी सामान बांधलं. दुपारच्या होडीनं आरोंदा, तिथून एसटी. आनंदीबायला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की जेवणाचं धरू नका, लवकर निघायचंय. गोकुळा तोवर वारली होती. शालन मुलीला घेऊन माहेरी गेली होती. घरात आनंदीबाय एकटीच.

पिशवी खांद्याला लावून मी तिच्या पाया पडलो, आणि उठता उठता तोंडातून निघून गेलं. "आनंदीबाय, मी एक पाप केलंय. सगुणाला शब्द दिला होता, पाळला नाही. मी फुलावर मारलं."

एव्हाना ती मला अरे-तुरे करायची. "माका ठावक होता," ती म्हणाली.

"कसं?"

"शब्द देताना तुजी नजर खाली होती. आणि दुसऱ्याचा मत कोण टाकता रे? मी काय कालची?"

"मग तुम्ही त्याला सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू? तो इतको लांबसून इलो, आणि तेचा मत पडला नाय, ह्या तेका कळूक होया? पडला तेचा. माज्या हातान पडला."

मला पटकन उमजलं नाही. "म्हणजे तुम्ही पानांवर मारलंत?"

"होय."

"बरं झालं," मी म्हणालो. जिवावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. "म्हणजे तुमचं आणि त्याचं एकच होतं."

आनंदीबाय हसली. मग तिनं ओसरीवरून समोर हात केला. खाडी, आणि पलीकडं आरोंद्याची माडांची रांग.

"माजा म्हायार थंय. माजी आवस थंय जळली आणि मी हंयसून धूर बघलंय. माका वाटता, एक झाला म्हणजे मग परत कोण दार लावूचो नाय." तिनं हात खाली घेतला. "माका फुलार मारूचो होतो रे."

मी पिशवी खांद्यावर तशीच धरून उभा.

"रांगेत उभी होतंय तवसर फुलारच मारतलंय होतंय. मगे तुमचा बोलणा ऐकलंय. म्हटलंय, ह्यो काय शब्द पाळूचो नाय. पोर उपाशी गेल्यासारखो जातलो." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सगुणाक सांगू नको. तेणा माका इचारल्यान नाय कधी. तुया पण इचारलंस नाय."

खरं होतं. सगुणानं आईला विचारलं नाही, मला विचारलं, कारण मी पुरुष, मी तलाठी. मी त्या ओसरीवर बसून तिला तांदूळ विचारला, करवंट्या विचारल्या, मुलाचं वय विचारलं. फूल की पानं, हे मला तिला विचारावंसंही वाटलं नव्हतं. त्या घरातलं एक मत कुणाचं, हे आम्ही दोघं भांडून ठरवत होतो, आणि आम्हा दोघांची मिळून किंमत तिनं एकटीनं भरली होती. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

"आता रडतंस कित्याक?" ती म्हणाली. "होडीक येळ आसा अजून. बस."

ती आत गेली. स्वयंपाकघरातून तांदळाच्या पिंपात करवंटी खरवडल्याचा आवाज आला. मी कान देऊन मोजलं. एक. दोन. घरात ती एकटी, पण दुसरी पडल्यावरच ती थांबली.

मी पिशवी खाली ठेवली आणि पाय धुवायला विहिरीकडं गेलो.